लायसन्स हातात आलं, पगार कधी सुरू होतो?

सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, आकाशात शिकाऊ विमानं घिरट्या घालताना दिसू लागल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पायलट होण्याविषयी पत्रं वाढली आहेत. बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न पगाराचा असतो. त्यातले निवडक प्रश्न आणि या क्षेत्रातल्या जाणकारांनी दिलेली उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा सेकंड पीयूला (बारावीला) सायन्सला आहे. 'दीड वर्षात पायलट, पहिल्या महिन्यापासून दोन लाख पगार' अशी जाहिरात वाचली. घरात सगळे पाठवूया म्हणायलेत. हे खरं काय?
– एक पालक, नंदगड

उत्तर : दोन लाखांचा आकडा खरा आहे. 'पहिल्या महिन्यापासून' हे मात्र खरं नाही. लायसन्स आणि पूर्ण पगार यांच्या मधल्या काळातच घरची शिल्लक संपते, म्हणून तो काळ नीट समजून घ्या.

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमाप्रमाणे किमान 200 तास उड्डाण लागतं. त्यातले 100 तास मुलानं स्वतः कमांडर म्हणून, म्हणजे पीआयसी, केलेले असावे लागतात. हवामान, विमानांची उपलब्धता आणि पेपर धरून याला दीड ते अडीच वर्षं जातात. शाळेची फी साधारण 40 ते 55 लाख, शिवाय राहणं-खाणं आणि पेपरांचे क्लास वेगळे. एवढं करून हाती जे लायसन्स येतं, त्यावर एअरलाइनचं विमान लगेच उडवता येत नाही. एअरबस ए320, बोइंग 737 किंवा एटीआर यांपैकी ज्या विमानावर नोकरी असेल, त्याचं टाइप रेटिंग वेगळं करावं लागतं. त्याचा खर्च आणखी 12 ते 20 लाख. काही कंपन्या तो स्वतः करतात आणि बदल्यात बाँड लिहून घेतात, बऱ्याच कंपन्या उमेदवाराकडूनच घेतात.

निवड झाल्यावर आधी वर्गातलं शिक्षण, मग सिम्युलेटर, मग प्रवाशांसह ट्रेनर कॅप्टनच्या देखरेखीखाली उड्डाणं. शेवटचा चेक पास झाला की मुलगा 'रिलीज' झाला असं म्हणतात. निवडीपासून रिलीजपर्यंत आठ ते बारा महिने सहज जातात. सिम्युलेटरच्या तारखा मिळत नाहीत, ट्रेनर कॅप्टन कमी असतात, म्हणून हे लांबतं. या काळात कुठे स्टायपेंड मिळतो, कुठे तोही नसतो. मिळाला तरी तो पूर्ण पगाराच्या मानानं बराच कमी.

रिलीजनंतरचा पगार दोन भागांत येतो. एक ठरलेला, दुसरा उडवलेल्या तासांवर. समजा ठरलेला भाग 80,000 आणि ताशी भत्ता 1,800 आहे. महिन्यात 70 तास उडवले तर 1,26,000 भत्ता धरून एकूण 2,06,000 होतात. कंपनीनं हमी 40 तासांचीच दिली असेल आणि तेवढेच तास मिळाले, तर 72,000 धरून 1,52,000. त्यातून टीडीएस आणि पीएफ जाऊन हातात येतील ते वेगळे. म्हणून ऑफर लेटरमध्ये 'महिन्याला अमुक लाख' यापेक्षा 'किती तासांची हमी' हे आधी वाचायचं. 2024 च्या एप्रिलमध्ये विस्तारा कंपनीचे पायलट नाराज झाले होते ते याच मुद्द्यावर. नव्या करारात हमीचे तास 70 वरून 40 वर आले होते.

तास कमी का पडतात? इंजिनांच्या दुरुस्तीसाठी विमानं जमिनीवर उभी राहतात, पावसाळ्यात मागणी घटते, एखाद्या बेसवर (तळावर) गरजेपेक्षा जास्त फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, गोळा होतात. नव्या माणसाच्या हातात यातलं काहीच नसतं. त्यामुळे पहिल्या वर्षाचा हिशेब कायम हमीच्या तासांवरच करा.

प्रश्न : आमची तीन एकर शेती आहे. ती बँकेकडे तारण ठेवून मुलीला पायलट करता येईल का? हप्ता किती बसेल?
– एक आई, येळ्ळूर

उत्तर : शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. त्यापुढे लागतं, आणि तारण म्हणून शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. कर्ज थकलं तर बँका ज्या सरफेसी कायद्यानं मालमत्ता ताब्यात घेतात, तो कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे आरटीसी, म्हणजे शेतीचा उतारा, घेऊन बँकेत गेलात तर मॅनेजर घराचे कागद मागेल. गावातल्या घराला ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीचे, म्हणजे ई-स्वत्तूचे, फॉर्म 9 आणि 11 निघालेले असावेत आणि ते कर्जदाराच्या किंवा जामीनदाराच्या नावावर असावेत. घर अजून आजोबांच्या नावावर असेल, तर वारसा नोंदीचं काम मुलीच्या प्रवेशाच्या कितीतरी आधी हातात घ्या. त्यालाच सहा-सहा महिने लागतात.

आता हप्ता. 40 लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सुमारे 54,000. पण शिक्षणाच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. अडीच वर्षांचं सरळ व्याज साडेदहा लाख होतं. ते भरलं नाही आणि मुद्दलात मिळवलं, तर साडेपन्नास लाखांवर हप्ता बसतो 68,000 च्या आसपास. महिन्याचं 35,000 व्याज शिकत असतानाच भरता आलं तर पुढे मोठा फरक पडतो.

सवलतीचा काळ सहसा अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष असतो. म्हणजे लायसन्स मिळून वर्ष झालं, मुलगी अजून रिलीज झालेली नाही, आणि हप्ता सुरू झाला, ही वेळ अनेक घरांवर येते. म्हणून कर्ज काढताना टाइप रेटिंगची रक्कमही त्याच मंजुरीत मागा. कोर्स संपल्यावर, नोकरी नसताना, दुसरं कर्ज मिळवणं फार अवघड जातं. सौहार्द (सहकारी पत) संस्था किंवा सोनं तारण यांतून पैसे उभे करण्याचा मोह होतो. तिथे व्याज जास्त असतं, हप्ता लगेच सुरू होतो, आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात जुन्या करपद्धतीत आठ वर्षं मिळणारी सूट संस्थेच्या कर्जाला धरता येत नाही.

शेत विकून सगळी रक्कम शाळेला एकदम भरू नका, ही आमची कळकळीची विनंती. शाळा बंद पडली किंवा तिची विमानं थांबवली गेली तर भरलेले पैसे परत मिळवताना वर्षं जातात. उडवलेल्या तासांप्रमाणे हप्त्यांत फी घेणारी शाळा बघा.

प्रश्न : सांबऱ्यालाच शिकलो तर राहण्याचा खर्च वाचेल. पण घराजवळची शाळा चांगली की बाहेरची, हे कसं ओळखायचं?
– एक विद्यार्थी, हिंडलगा

उत्तर : 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणानं नव्या प्रशिक्षण शाळांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव होतं. कलबुर्गी, जळगाव, खजुराहो आणि लिलाबारी हे बाकीचे चार. बेळगावची एक गोष्ट शिकणाऱ्याच्या फायद्याची आहे. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,490 फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा 35 अंशांवर गेला की विरळ हवेमुळे विमान जणू साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. धाव लांबते, चढण मंदावते. किनारपट्टीवर शिकलेल्या मुलाला हे पुस्तकात वाचावं लागतं, इथल्या मुलाला ते हातात जाणवतं.

तोटा पावसाचा. जून ते सप्टेंबर ढग इतके खाली असतात की शिकाऊ उड्डाणांचे बरेच दिवस बुडतात. म्हणून जूनमध्ये उड्डाण सुरू करण्यापेक्षा पावसाळ्यात पेपर द्यायचे आणि ऑक्टोबरपासून सलग उडायचं, हा क्रम इथे जमतो.

शाळा निवडताना ऑफिसातला एसी आणि युनिफॉर्म बघू नकोस, भागाकार कर. पाच विमानं, प्रत्येकाचे महिन्याला 60 तास, म्हणजे 300 तास. विद्यार्थी 60 असतील तर माणशी महिन्याला पाच तास. 200 तासांना 40 महिने! तेच 25 विद्यार्थी असतील तर 12 तास, म्हणजे 17 महिने. विमानं किती असं विचारलं की शाळा एकूण सांगते. तू विचार, आज उडण्याच्या अवस्थेत किती आहेत, दुरुस्तीत किती, आणि दुहेरी इंजिनाचं विमान स्वतःचं आहे की बाहेरून आणतात. मल्टी इंजिनसाठी सहा-सहा महिने ताटकळणारी मुलं बऱ्याच शाळांत सापडतात. दुपारी गेटबाहेर चहाच्या टपरीवर शाळेतल्याच दोन मुलांना गाठ आणि त्यांच्या लॉगबुकातली गेल्या तीन महिन्यांची बेरीज विचार. याहून खरी माहिती कुठेच मिळणार नाही. 2025 पासून डीजीसीए शाळांची श्रेणीही जाहीर करू लागलं आहे. पहिल्या यादीत एकाही शाळेला वरची ए श्रेणी मिळाली नव्हती, सगळ्या बी आणि सीमध्येच होत्या. ती यादी बघून जा.

प्रश्न : मी पीयूसी कॉमर्समधून केलं. आता पायलट होता येईल का? चष्मा पण आहे.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : भौतिकशास्त्र आणि गणित बारावी पातळीवर पास असणं लागतं. हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, देता येतात आणि डीजीसीएला ते चालतात. चष्मा चालतो, चष्म्यासह नजर निकषात बसली पाहिजे. रंग ओळखण्याची तपासणी मात्र कडक असते. म्हणून पहिला रुपया शाळेला नको, डॉक्टरला द्या. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू वैद्यकीय तपासणी, मग त्याहून कडक क्लास वन. आपल्या भागाला त्यासाठी बंगळुरूचं हवाई दलाचं एरोस्पेस मेडिसिन केंद्र सोयीचं, रात्रीच्या गाडीनं जाऊन करता येतं. क्लास वन हातात आल्याशिवाय कुठेही फी भरू नका.

प्रश्न : माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं. पायलटला सगळं इंग्रजीत बोलावं लागतं, आणि रेडिओच्या परीक्षेची भीती वाटते. जमेल का?
– एक विद्यार्थिनी, उचगाव

उत्तर : जमेल. रेडिओवरची इंग्रजी ही गप्पांची इंग्रजी नाही. ठरलेल्या शब्दांची, ठरलेल्या क्रमाची बोली आहे, आणि ती पाठ होते.

आरटीआर, म्हणजे रेडिओच्या, परीक्षेत मुलं इंग्रजीमुळे कमी आणि रीडबॅकमुळे, म्हणजे टॉवरचं बोलणं परत म्हणताना, जास्त नापास होतात. टॉवर म्हणतो, "क्लिअर्ड टू लँड, रनवे टू सिक्स, विंड टू फोर झिरो डिग्रीज, एट नॉट्स." घाबरलेला विद्यार्थी एकतर सगळंच परत म्हणायला जातो आणि अडखळतो, नाहीतर नुसतं "रॉजर" म्हणतो. दोन्ही चूक. उतरण्याची परवानगी, धावपट्टीचा क्रमांक आणि स्वतःचं कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) एवढं परत म्हणायचं. वारा म्हणायची गरज नाही. परवानग्या, धावपट्टी, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब), ट्रान्सपाँडरचा (रडारला विमान ओळखवणाऱ्या यंत्राचा) कोड, उंची, दिशा, वेग हे मात्र परत म्हणावंच लागतं, कारण ऐकण्यातली चूक पकडण्याची ती एकच संधी असते. आकडे एकेक करून. तीन म्हणजे 'ट्री', पाच म्हणजे 'फाइफ', नऊ म्हणजे 'नायनर'. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून रोज वीस मिनिटं ऐकलंस तर तीन महिन्यांत जीभ वळते. परीक्षक अस्खलितपणा बघत नाही, अचूकपणा बघतो.

तुझ्यासारख्यांची खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नाव एका स्पेलिंगनं, आधारवर कन्नडातून आलेल्या दुसऱ्या स्पेलिंगनं, पासपोर्टवर आडनाव आधी. डीजीसीएच्या पेपरांसाठी आधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी लागते, आणि नावात एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. एसएसएलसीवरचं नाव प्रमाण धरून बाकी सगळे कागद आताच दुरुस्त करून घे. पडताळणीचा अर्जही आताच टाक, कारण त्यात आठवडे जातात.

प्रश्न : सीपीएल, मल्टी इंजिन, आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवण्याची पात्रता) सगळं झालं. 205 तास आहेत. चौदा महिने घरी आहे. दोन ठिकाणी लेखी परीक्षेतच गेलो. स्वतःच्या खर्चानं ए320 चं टाइप रेटिंग करून घेऊ का? वडील म्हणतात थांब, मित्र म्हणतात कर.
– एक तरुण, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आमचं मत वडिलांच्या बाजूनं आहे.

नोकरीचा कागद हातात नसताना टाइप रेटिंगवर 15 लाख घालणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा जुगार. टाइप रेटिंगही चालू ठेवावं लागतं. वर्षभर संधी आली नाही तर पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा पैसे. शिवाय तू ए320 करून बसशील आणि बोलावणं येईल एटीआरच्या किंवा एम्ब्रेअरच्या कंपनीकडून. आपल्या बेळगावातून उडणारी स्टार एअर एम्ब्रेअर वापरते. तिथे ए320 चा शिक्का उपयोगाचा नाही.

तुझी आजची अडचण दुसरी आहे. चौदा महिने म्हणजे तुझं इन्स्ट्रुमेंट रेटिंग संपलेलं असणार, त्याची मुदत बारा महिन्यांची. क्लास वन मेडिकलही चाळिशीपर्यंत बारा महिन्यांचंच असतं. जाहिरात येते, अर्जाला आठ-दहा दिवस असतात, आणि 'चालू आयआर' या एका रकान्यावर अर्ज बाद होतो. आयआर परत मिळवायला सरावाची उड्डाणं आणि उड्डाण चाचणी लागते, दुहेरी इंजिनाच्या विमानाचा ताशी दर एकेरीच्या दुपटीहून जास्त असतो, आणि परीक्षकाची तारीख मिळायला महिनाही लागतो. टाइप रेटिंगच्या पैशांतली थोडी रक्कम आयआर आणि मेडिकलवर घाल, म्हणजे अर्ज तरी उभा राहील.

लेखी परीक्षेचं म्हणशील तर डीजीसीएचे पेपर 70 टक्क्यांनी पास झालेली मुलं एअरलाइनच्या पेपरात का अडकतात, याचं कारण आम्हाला एकच दिसतं. डीजीसीएसाठी प्रश्नसंच पाठ केलेले असतात. एअरलाइनच्या पेपरात किंवा मुलाखतीत विचारतात, "व्हीएमसीए उंचीबरोबर कमी का होते?" व्हीएमसीए म्हणजे एक इंजिन बंद पडलं तरी विमान ताब्यात राहील असा किमान वेग. उंचीवर इंजिनाची ताकद कमी झाली की विमान एका बाजूला ओढण्याचा जोरही कमी होतो, एवढं दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. हवामानशास्त्र आणि टेक्निकल हे दोन विषय रोज दोन तास, प्रत्येक उत्तरामागचं कारण वहीत लिहीत, पुन्हा कर. कागद-पेन्सिलीनं एक तासाचं क्रॉसकंट्रीचं (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या उड्डाणाचं) नियोजन आठवड्यातून दोनदा कर. सिम्युलेटर चाचणीआधी चार-सहा तास आयआरचा सराव घे. तिथे ते लँडिंग कमी बघतात, तुझी नजर उपकरणांच्या सगळ्या तबकड्यांवर फिरते की एकीवरच खिळते, हे जास्त बघतात.

रिकामं बसण्यापेक्षा असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग हा मार्ग बघ. शाळांना इन्स्ट्रक्टर कायम कमी पडतात. पगार एअरलाइनच्या मानानं थोडा, पण तास वाढतात, आयआर चालू राहतं आणि दुसऱ्याला शिकवताना स्वतःचा विषय पक्का होतो.

बाजाराविषयी. एकट्या 2023 मध्ये डीजीसीएनं 1,622 सीपीएल दिली, त्यामुळे रांग लांब आहे. दुसरीकडे त्याच वर्षी एअर इंडियानं 470 आणि इंडिगोनं 500 विमानांची मागणी नोंदवली, 2024 च्या जानेवारीत आकासानं आणखी 150. ती विमानं एकदम येत नाहीत, दहा-दहा वर्षांत येतात. विश्रांतीचे नवे नियम आले, पायलटची साप्ताहिक सुट्टी 36 तासांवरून 48 तासांवर गेली. 2025 च्या डिसेंबरात इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येनं रद्द झाली तेव्हा नव्या नियमांपुढे पायलट कमी पडतात हे उघड झालं. म्हणजे मागणी आहे. पण कंपन्यांना लगेच हवे असतात ते कॅप्टन आणि टाइप रेटिंग असलेले अनुभवी फर्स्ट ऑफिसर, 200 तासांचा मुलगा नव्हे. आणि ही भरती लाटांसारखी येते. 2012 ला किंगफिशर, 2019 ला जेट, 2023 च्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा दर वेळी शेकडो अनुभवी पायलट एकदम रांगेत आले आणि नवीन मुलं मागे ढकलली गेली. त्यात त्या मुलांची चूक नव्हती, तुझीही नाही. लाट येईल तेव्हा कागद चालू असावेत, एवढंच तुझ्या हातात आहे.

प्रश्न : उड्डाणाचे तास पूर्ण झाले, पण दोन पेपर राहिलेत. पेपर सावकाश दिले तर चालतील ना?
– एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : चालणार नाहीत. सीपीएलच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत 15 तास पीआयसी आणि स्किल टेस्ट झालेल्या असाव्या लागतात. पेपर लांबले की त्या टेस्ट शिळ्या होतात आणि पुन्हा उडाव्या लागतात, त्यात लाखभर किंवा जास्त सहज जातात. अर्जाआधी लॉगबुकाची प्रत्येक ओळ शाळेच्या उड्डाण नोंदवहीशी ताडून बघा. वेळ, विमानाचा क्रमांक आणि पीआयसीचा रकाना जुळला नाही तर फाइल परत येते. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स काढल्याची प्रकरणं उघड झाली, तेव्हापासून कागद बारकाईनं तपासले जातात. कुणी 'दहा तास असेच लिहून देतो' म्हणालं तर तिथून उठा.

प्रश्न : एवढे पैसे उभे करणं आम्हाला शक्य नाही. मुलाला विमानांचं वेड आहे. दुसरं काही?
– एक पालक, कडोली

उत्तर : आहे. विमानतळ प्राधिकरणाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल ही जागा बघा. भौतिकशास्त्र-गणितासह बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगची पदवी, वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला 27, मूळ वेतनश्रेणी 40,000 ते 1,40,000, वर भत्ते. प्रशिक्षण प्राधिकरणच देतं. बेळगावातल्याच कॉलेजात तीन वर्षांची बीएस्सी करता करता तयारी होते. हवाई दलात पायलट व्हायचं तर सेकंड पीयूनंतर एनडीए, पदवीनंतर एएफसीएटी. प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. एनडीएचा अर्ज वर्षातून दोनदा निघतो आणि सेकंड पीयूला शिकत असतानाच भरता येतो, तेव्हा मुलाच्या परीक्षेची वाट बघत बसू नका.